परिशिष्ट चार

लिंडोसा, स्मोलांड
२२ एप्रिल २०१३

प्रिय सिक्स्टेन,

एक कोडे तुझ्याही नजरेतून सुटले नसणार. ताज्या तोडीच्या रानात एकाच पेटीतली, एकाच माणसाने, एकाच सकाळी लावलेली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची दोन रोपे घे. दोघांमध्ये हातभर अंतर. ऊन तेच, पाऊस तोच. ऑगस्टमध्ये जाऊन पाहावे तर एक तपकिरी होऊन मेलेले आणि दुसरे टवटवीत. असे का व्हावे?

उत्तर मुळाशी नाही, खोडाभोवतीच्या वीतभर जमिनीत आहे. मेलेले रोप पालापाचोळ्याच्या थरात उभे असते आणि जगलेले रोप खरवडून उघड्या पाडलेल्या रेताड मातीत. झाडे तोडली की बुंध्यांतून राळेचा वास सुटतो आणि कित्येक किलोमीटरवरून सोंड्या भुंगा उडत येतो. अंडी तो त्या बुंध्यांच्या मुळांत घालतो, पण पोट भरायला त्याला रोपाची कोवळी साल लागते. पाचोळ्यात त्याला आडोसा मिळतो, म्हणून तो रेंगाळतो आणि खातो. उघड्या रेतीवर मात्र तो उघडा पडतो. तिथे तो थांबत नाही, लगबगीने पार होतो. चार इंचांची रेती रोपाला वाचवते! इतकी वर्षे या कामात काढूनही मला याचे नवल वाटत राहते.

सहा वर्षांनी लिहिलेल्या पत्राची सुरुवात भुंग्याने करणारी बहीण तुझ्याच वाट्याला यावी, याबद्दल क्षमस्व. पण पुढचे यावरच अवलंबून आहे.

आपल्याकडच्या खडकाळ रानात सगळीकडे रेती उघडी करता येत नाही. म्हणून रोपवाटिकेतच खोडांवर कीटकनाशक चढवलेली रोपे आपल्याकडे येतात. हे द्रव्य शाश्वत वनाचे प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या अतिघातक यादीत आहे. यादीतले काहीही वापरायचे तर खास सवलत मागावी लागते, आणि ती पाच वर्षांपुरतीच मिळते. आमच्या वनमालक संघाची सवलत या उन्हाळ्यात संपते. नव्या अर्जावर १४ मे रोजी बैठक आहे. अर्जाला सहा परिशिष्टे जोडायची असतात. त्यांतले चौथे, लावणी करणाऱ्यांच्या आरोग्याच्या तक्रारींचे, मी भरते. २००८ साली मी तिथे शून्य लिहिले होते.

तुमच्या लावणीच्या टोळीत कधी कुणाचे ओठ बधिर झाल्याचे तुला आठवते का? केवळ नोंदीसाठी विचारते. नोंदवही तशी स्वच्छ आहे.

इंगेयार्ड


लिंडोसा
२९ एप्रिल २०१३

प्रिय सिक्स्टेन,

पत्र नॉर्वेत लोफोटेनला पोचायला तीन दिवस लागतात आणि उत्तर यायला तीन. आज सातवा दिवस. मी सकाळपासून चार वेळा पत्रपेटी उघडली. पोस्टमन एकदाच येतो हे ठाऊक असून चार वेळा.

ओठांचा प्रश्न अचानक कुठून आला, हे मी तुला सांगितले नव्हते. लावणी सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. पहिल्या पत्राच्या आधीच्या गुरुवारी एवाल्ड कचेरीत सह्या करायला आला होता. तुमच्या टोळीचा म्होरक्या तोच, अजूनही तसाच. कॉफी पिताना त्याच्या हनुवटीवरून ओघळ आला आणि त्याला तो कळला नाही.

मी म्हटले, "एवाल्ड, कॉफी सांडतेय."

"सांडू दे गं. ओठ झोपलाय माझा. दर मे महिन्यात झोपतो, यंदा जरा लवकर आडवा झाला."

"दर मे महिन्यात? मग वहीत का नाही लिहिलंस?"

"लिहून काय? तू शून्यच लिहिणार."

तो हसला. मी हसले नाही. तो गेल्यावर मी हातमोज्यांच्या चाचणीचे कागद पुन्हा काढले. चाचणी अगदी चोख आहे: मोज्याच्या रबरातून आठ तासांत या द्रव्याचा कणही आत जात नाही. टोळीतले सगळे मोजे घालतात. जेवणापूर्वी आणि कॉफीपूर्वी सगळे साबणाने हात धुतात. मी स्वतः पाण्याची टाकी तपासली आहे. मग द्रव्य ओठांपर्यंत पोचावे कसे? आणि पोचलेच, तर बोटे शाबूत आणि ओठच बधिर, असे का? या दोन प्रश्नांमुळे मला एका जागी बसवत नाही. मी उठते, खिडकीशी जाते, परत येते, तेच कागद पुन्हा वाचते.

आणखी एक. नोंदवही स्वच्छ आहे असे मी लिहिले, ते पुरते बरोबर नव्हते. २००७ च्या मे महिन्यात एक ओळ आहे. "ओठ बधिर. दुसरा आठवडा." खाली तुझे नाव. ओळीची गणना का झाली नाही, हे तपासावे लागेल.

तू त्या दिवसांत एकदा माझ्या स्वयंपाकघरात आला होतास, नाही का? खुर्चीवर न बसता दारातच उभा होतास. काय म्हणालास ते मला आठवत नाही.

इंगेयार्ड


लिंडोसा
६ मे २०१३

प्रिय सिक्स्टेन,

तुझे कार्ड शुक्रवारी मिळाले. एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला एकच ओळ: "मोजे कशाने काढतात ते बघ."

आज सकाळी सहालाच मी दक्षिणेकडच्या तोडीत पोचले. सगळे हकीकतवार सांगते, कारण पायरी चुकली तर निष्कर्ष चुकतो.

टोळीत नऊ जण आहेत. एवाल्डसह पाच जण इथले, आणि याद्विगासह चार पोलिश. पाचही जण इथलेच म्हटल्यावर खिशात स्नूसची, म्हणजे ओठाखाली ठेवायच्या तंबाखूची, डबी असणारच. पोलिश चौघांपैकी कुणी तंबाखूला शिवत नाही. मी वही घेऊन एका बुंध्यावर बसले.

एवाल्ड म्हणाला, "आली आमची इन्स्पेक्टर. आज काय मोजणार? भुंगे की आमची पावलं?"

"काहीच नाही. तू काम कर."

"म्हणजे मलाच मोजणार. याद्विगा, बघ, म्हातारपणी बाईमाणूस माझ्याकडे टक लावून बसलंय."

याद्विगा मान न वळवता म्हणाली, "तुझी रोपं वाकडी लागतात, म्हणून बघतेय."

लावणीची नळी डाव्या हातात, रोप उजव्या हातात. रोप खोडाला धरायचे, नळीत सोडायचे, पायाने माती दाबायची, दोन पावले पुढे. खोडावरचे द्रव्य मोज्याच्या बोटांना लागते, हे उघड आहे. मोजा त्यासाठीच असतो. एक पेटी संपली की एवाल्डला बार भरायचा असतो. डावा हात नळी धरण्यात अडकलेला. मग तो उजव्या मोज्याचे टोक दातांत धरतो आणि हात बाहेर ओढतो. मोजा तोंडात लोंबत असतानाच मोकळ्या हाताने खिशातली डबी काढतो, पुडी वरच्या ओठाखाली सरकवतो, आणि मग मोजा परत चढवतो.

सकाळच्या सत्रात चौदा वेळा. मी काट्या मारून मोजले.

सिक्स्टेन, आमच्या नियमात "जेवणापूर्वी हात धुवावेत" असे लिहिले आहे, आणि हे सगळे जेवणापूर्वी हात धुतातच. पण आपल्याकडे कुणी तंबाखूला जेवण म्हणत नाही! नियम करणाऱ्याच्या मनात आले नाही, पाळणाऱ्याच्या मनात आले नाही. मोज्याची चाचणी बाहेरून आतपर्यंत खरी आहे. पण मोज्याची बाहेरची बाजू दिवसातून तीस वेळा दातांत जाते, हे चाचणीत कुणी विचारलेच नव्हते.

बोटे शाबूत का, तेही सुटले. लावणीवाल्याच्या बोटांची कातडी जाड, निबर, मृत पेशींच्या थरांनी झाकलेली असते. ओठांवर तो थर जवळपास नसतोच. तिथे नसांची टोके पृष्ठभागाच्या अगदी लगत येतात. हे द्रव्य नेमके त्या टोकांनाच छेडते. आधी मुंग्या, मग बधिरपणा; संपर्क थांबला की एक-दोन दिवसांत ओसरते. पण संपर्क थांबतच नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा लावणी असते.

कॉफीच्या वेळी मी एकेकाला विचारले. तंबाखूवाल्या पाचही जणांचे ओठ बधिर. याद्विगासह चौघा पोलिशांपैकी एकाचाही नाही. तेच रान, तीच रोपे, तेच मोजे.

एवाल्डने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सिक्स्टेननं तेव्हा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, हे तोंडातून होतंय. आम्ही म्हणालो, तोंडातून तर तुझी बाटली जाते."

मी वही मिटली आणि गाडीकडे निघाले. अर्ध्या वाटेवर आठवले की छत्री बुंध्यावर राहिली. परत गेले नाही.

इंगेयार्ड


लिंडोसा
७ मे २०१३

प्रिय सिक्स्टेन,

कालचे पत्र आज सकाळी पेटीत टाकले आणि घरी येईपर्यंत कळले की ते अपुरे आहे. त्यात मी सगळ्यांबद्दल लिहिले, स्वतःला सोडून.

तू स्वयंपाकघरात काय म्हणालास ते मला आठवते. तू म्हणालास, "इंगेयार्ड, माझे ओठ मेलेत. बुधवारी बागेत वाजवायचंय." मी बटाटे सोलत होते. मी म्हटले, "पिणं कमी कर, जिवंत होतील." तू हसला नाहीस. तू दारातूनच परत गेलास, कारण आत यायचे निमित्त मी काढून घेतले होते.

त्या बुधवारी, ६ जूनला, राष्ट्रदिनाच्या कार्यक्रमात मी मंचाच्या पायरीशी उभी होते. लावणी मागे पडल्यामुळे तुमची टोळी सकाळी अकरापर्यंत रानात होती, हे मला ठाऊक होते. ती पाळी मीच मंजूर केली होती. तुझ्या कॉर्नेटची, त्या छोट्या तुतारीची, एकल ओळ आली आणि तिसऱ्याच स्वराला फाटली. तू पुन्हा ओठ लावलेस. पुन्हा हवाच बाहेर आली. मागच्या बाकांवर कुणीतरी हसले. माल्टे रूसेनग्रेनने छडी खाली घेतली. तो तेव्हाही वाद्यवृंदाचा संचालक आणि संघाचा अध्यक्ष होता, आजही आहे. तू उतरलास तेव्हा त्याने मला विचारले, "काय झालं याला?"

मी म्हणाले, "घेतली असेल थोडी. मी माफी मागते."

तू तीन पावलांवर होतास. तू ऐकलेस, हे मी त्याच क्षणी पाहिले, आणि पाहिले नाही असे ठरवले. त्या ऑगस्टमध्ये तू नॉर्वेला गेलास. लोक विचारत, मी म्हणे, तिकडे मासळीच्या कामाला पैसे बरे मिळतात.

आता उरलेले. गणना का झाली नाही हे "तपासावे लागेल" असे मी २९ तारखेला लिहिले. तपासायचे काही नव्हते. तुझ्या ओळीसमोर पेन्सिलने "मद्यपान" असा शब्द लिहिला आहे. अक्षर माझे आहे. २००८ मध्ये अर्जासाठी बेरीज करताना मी तो लिहिला आणि तुझी ओळ सोडून दिली. त्यामुळे बेरीज शून्य आली, शून्यावर सवलत आली, आणि त्या सवलतीवर पाच वसंतांत एवाल्डची टोळी दातांनी मोजे काढत राहिली. एका शब्दाने मी तुला लबाड ठरवले आणि त्यांना निर्धास्त.

मी पद्धतशीर बाई म्हणून ओळखली जाते. पद्धत अशी आहे की तक्रार आली की आधी तक्रार लिहावी, कारण मागाहून शोधावे. मी कारण आधी लिहिले.

चौदा तारखेला हे मी बैठकीत वाचणार आहे. पेन्सिलच्या शब्दाची मालक मी आहे, म्हणून तो सांगायला मला कुणाची परवानगी नको. पण ओळ तुझी आहे. अर्जात माणसांची नावे देत नाहीत, क्रमांक देतात. तू "कामगार ११" होतास. तसेच ठेवू, की नाव घालू? तू नको म्हणालास तर नाव येणार नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

एक्स्प्रेसने पाठवते. कालचे पत्र आधी पोचेल की हे, याचा हिशेब मी तिसऱ्यांदा करते आहे.

इंगेयार्ड


लिंडोसा
१६ मे २०१३

प्रिय सिक्स्टेन,

तुझा फोन माझ्याऐवजी कचेरीतल्या मुलीने घेतला, कारण मी अंगणात मोजे धूत होते. तिने चिठ्ठीवर लिहून ठेवले होते: "भाऊ. नाव घाल म्हणाला. पेन्सिलचं पण घाल म्हणाला. ठेवला." ती चिठ्ठी मी वहीत ठेवली.

बैठकीत काय झाले ते ऐक.

कागद वाचून कुणी बदलत नाही, हे मला वीस वर्षांत कळले आहे. म्हणून मी माल्टेला म्हटले की बैठक कचेरीत नको, रानात घेऊ. संघाच्या मंडळातल्या पाच जणांना मी तासभर लावणी करायला लावली. रोपे रोपवाटिकेतून मुद्दाम कोरी मागवलेली, द्रव्य न लावलेली. त्यांच्या खोडांना मी बीटचा घट्ट रस चोपडला होता. कारण कुणाला सांगितले नाही; तंबाखूवाल्यांचे ओठ बधिर होतात, एवढेच कळवले होते.

माल्टे म्हणाला, "माझ्यावर हा प्रयोग कशाला? मी तंबाखू सोडून चार वर्षं झाली."

"लाव रे तू, माल्टे," एवाल्ड म्हणाला. "छडीपेक्षा नळी जड असते, तेवढं तरी कळेल."

तासाभरात माल्टेचा फोन तीनदा वाजला. तीनदा त्याने मोज्याचे टोक दातांत धरले. शेवटी सगळ्यांनी नियमाप्रमाणे हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. मी विचारले, "तोंडाला किती वेळा हात लागला?" पाचही जणांनी उत्तर दिले: एकदाही नाही. मी आकडे वहीत लिहून घेतले. मग त्यांना एवाल्डच्या ट्रकच्या बाजूच्या आरशासमोर एकेक करून उभे केले.

माल्टेचे दोन्ही ओठ आणि डावा गाल लालभडक होते.

एवाल्ड म्हणाला, "शोभून दिसतंय हो अध्यक्षांना. कुणासाठी एवढा नट्टापट्टा?"

सगळे हसले. माल्टेही हसला, रुमालाने ओठ पुसू लागला. तेव्हा मी वही उघडली आणि तुझी ओळ वाचली. तारीख, शब्द, पूर्ण नाव. मग समोरचा पेन्सिलचा शब्द वाचला आणि तो कुणी लिहिला ते सांगितले. हसणे थांबले. माल्टेचा रुमाल हातातच राहिला.

"म्हणजे त्या दिवशी बागेत सिक्स्टेन..."

"प्यालेला नव्हता," मी म्हटले. "तो अकरापर्यंत रानात होता. मी तुला खोटं सांगितलं, माल्टे. चौकशी न करता सांगितलं. माझ्या लेखी ते खोटंच."

याद्विगा पेट्या रचत होती, तीही थांबली. माल्टेने रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाला, "त्या दिवसानंतर मी त्याला वादनाला बोलावलं नाही. एक फोनसुद्धा केला नाही." आणि पुढे, "परिशिष्ट चार यापुढे दुसऱ्या कुणीतरी भरावं, इंगेयार्ड."

मी म्हटले, "तेच मी सुचवणार होते." खरे सांगायचे तर सुचवणार नव्हते. पण तो बरोबर बोलला.

ठरले ते असे. पाच वर्षांची सवलत मागायची नाही. अगदी खडकाळ रानांपुरती एकाच वर्षाची मागायची, तीही रोप हातात न घेता नळीत सोडता येईल अशी पेटी आली तरच. बाकी सगळीकडे रेती-डिंकाचा लेप दिलेली रोपे. त्या लेपातून भुंग्याला साल कुरतडता येत नाही. टोळीला दुसरी मोज्यांची जोडी, काढायला मनगटाशी कडी, आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत: तंबाखू म्हणजे जेवणच. वाक्य एवाल्डचे आहे. परिशिष्टात २००७ ची एक तक्रार, नावासह, आणि २०१३ च्या पाच. खाली दुरुस्तीची नोंद, माझ्या सहीची. प्रमाणपत्रवाले काय उत्तर देतील, ठाऊक नाही. २००८ च्या शून्याबद्दल ते संघाला जाब विचारतील, हे नक्की. मी उत्तर लिहायला घेतले आहे, चार वेळा फाडले आहे.

माल्टेने तुझा पत्ता मागितला. मी दिला. तो काय लिहील ते मला विचारू नकोस, मी वाचणार नाही.

तू परत ये असे मी म्हणत नाही. माझ्या चुकीची दुरुस्ती झाली म्हणून तुझी सहा वर्षे दुरुस्त होत नाहीत, एवढे गणित मला येते.

बैठकीहून घरी आल्यावर एक गोष्ट घडली, ती मात्र सांगायलाच हवी. न्हाणीघरात तोंड धुताना पाहिले तर माझाही खालचा ओठ लाल. मी ना तंबाखू घेते, ना मी लावणी केली, ना मोजे चढवले. तासभर नुसती वही धरून उभी होते. मग कळले. रस चोपडताना बोटाला लागला होता, आणि वहीचे पान उलटताना दर वेळी मी ते बोट जिभेला लावते. किती वर्षांपासून, देव जाणे. कुणी विचारले असते तर मी शपथेवर सांगितले असते: एकदाही नाही.

म्हणून तुझ्यासाठी एक सोपी चाचणी. हे पत्र चार सुट्या कागदांवर आहे. प्रत्येकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर जो तांबूस डाग आहे, तो कॉफीचा नाही. बीटचा रस लावून मी तो वाळवला आहे, अगदी निरुपद्रवी. इथवर येताना कागद सरकवायला तू बोट ओले केलेस का? आठवून आधी उत्तर लिही, खालच्या मोकळ्या जागेत, शाईने. मग आरशासमोर जा.

इंगेयार्ड